वरच्या वाडीची लाइन

इंटरनेट हवेतून येतं असं लोक म्हणतात. ते खरंच आहे, पण हवेतून येऊन ते आधी कुणाच्या तरी घरात उतरतं. त्या घरात कोण राहतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आमचं दुकान महाडच्या बाजारपेठेत आहे. आधी एसटीडी बूथ होता, मग केबल टीव्ही आला, आता नेट. दुकानातलं काम नवरा बघतो आणि डोंगरावरचं मी. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांवर फोन आणि नेट पोचवणं हे माझं काम. मोठ्या कंपनीला तिथे टॉवर परवडत नाही, कारण घरं थोडी आणि त्यातली निम्मी कुलूपबंद. जमिनीतून केबल टाकावी तर रस्त्याच्या कामात जेसीबी ती उपटतो, आणि तिथून वाचली तर पावसाळ्यात उतारासकट वाहून जाते. म्हणून आम्ही ताटाएवढ्या डिश वापरतो. एक डिश या डोंगरावर, दुसरी समोरच्या वाडीत. दोघींना एकमेकी दिसल्या की काम झालं. मध्ये फांदी आली तर ती तोडायची, डोंगर आला तर दुसरं घर शोधायचं. सगळ्या वाडीने मिळून एकच लाइन घ्यायची आणि ती घराघरांत वाटायची. साधा मोबाइल त्या वायफायवर धरला की रेंज नसली तरी फोन लागतो. स्वस्तात याहून बरी सोय मला माहीत नाही.

डिशला जोडलेली नेटची पेटी ठेवायला घर निवडताना मी चार गोष्टी पाहते. छपरावरून पुढची वाडी दिसली पाहिजे. वीज बऱ्यापैकी टिकणारी पाहिजे. घरात बारा महिने माणूस पाहिजे, गणपती झाले की कुलूप लावून मुंबईला जाणारं घर नको. आणि त्या माणसाचं सगळ्यांशी बोलणं पाहिजे. भावकीत वाद असलेल्या घरात पेटी ठेवली की भांडण आधी पेटीवर निघतं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. शिवथरच्या बाजूला एका आजींनी पावसात डिश भिजू नये म्हणून तिच्यावर जर्मनचं पातेलं पालथं घातलं होतं. आम्ही दोन वेळा डोंगर चढून सगळ्या वायरी तपासल्या, मग पातेलं दिसलं. आजी म्हणाल्या, "मग काय तिला सर्दी होऊ देऊ?" एकाने डिशला काळी बाहुली बांधली होती. ती मी राहू दिली. सिग्नलला बाहुलीचा त्रास नसतो.

अशा गमती पुष्कळ सांगता येतील. पण या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा डोळ्यांसमोर एकच जागा आली. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या अंगाला एका खोऱ्यात दोन वाड्या आहेत, एक खालची, एक वरची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जीपचा रस्ता खालच्या वाडीपर्यंतच जातो. पुढे पायवाट.

खालच्या वाडीला लाइन दिल्यावर काही महिन्यांनी वरच्या वाडीची वनिता दुकानात आली. पन्नाशीकडे झुकलेली, हातात बाजाराच्या पिशव्या. उभ्या उभ्याच म्हणाली, "खालच्या वाडीला लाइन दिलीत ना ताई? मग आमच्याकडं चढताना ती दमली काय?"

मी सांगितलं की सगळ्या वाडीची संमती लागेल. ती म्हणाली, "वाडीची हाय. मुंबईची घ्यायची हाय."

बाहेरच्यांना हे सांगायला हवं. इथल्या प्रत्येक वाडीचं मुंबईत एक मंडळ असतं. निम्मे पुरुष तिकडे नोकरीला, त्यामुळे देवळाचा पत्रा असो की पाण्याची टाकी, मंडळाला विचारल्याशिवाय काही होत नाही. वरच्या वाडीच्या डोक्यावर एक कातळ आहे. त्याच्या एका टोकाला उभं राहिलं तरच मोबाइलला रेंज येते. परवानगीचा फोन वनिताने तिथून केला. मी शेजारी उभी होते. वाऱ्यात तिचा पदर उडत होता आणि ती ओरडत होती, "अध्यक्ष, ऐकू येतंय काय? नाय येत? अवो, त्याचसाठी तर फोन केलाय!"

परवानगी मिळाली. अडचण जागेची होती. वरची वाडी डोंगराच्या एका सोंडेमागे दडलेली आहे. आमची डोंगरावरची डिश आणि वरची वाडी, दोन्ही दिसतील असं एकच छप्पर सापडलं. ते खालच्या वाडीतल्या गंगाराम तात्यांचं.

तात्यांचं घर माझ्या चारही अटींत बसणारं होतं. वय सत्तरीचं, घरी ते आणि काकी. मुंबईला जाणारी माणसं घराच्या किल्ल्या तात्यांकडे ठेवून जातात. त्यांच्या माजघराच्या भिंतीवर खिळ्यांची रांग आहे आणि खिळ्याखिळ्याला एकेका घराची किल्ली. कुणाचं गवत, कुणाच्या कौलांची चळत, कुणाच्या लग्नाची भांडी असं काय काय त्यांच्याकडे ठेवलेलं असतं आणि ठेवलं तसंच परत मिळतं. त्या किल्ल्यांशेजारीच मी आमची पेटी बसवली आणि खालच्या वाडीची लाइनही तिच्यावरच घेतली. वीज गेली तरी बंद पडू नये म्हणून खाली बॅटरी.

तात्या म्हणाले, "बाय, वस्तू तुझी हाय. माझ्या घरात हाय तवर तिला ओरखडा नाय पडायचा."

वरच्या वाडीत डिश वनिताच्या घरावर लागली, सोबत तशीच बॅटरी. पहिल्या संध्याकाळी तिने मुंबईतल्या लेकाला व्हिडिओवर अख्खी वाडी दाखवली, गोठ्यातल्या म्हशीसकट. नवरा महादेव मागे उभा राहून म्हणत होता, "बास गो, त्याला कामावर जायचं असंल." ती म्हणाली, "तुमी गप रवा. इतकी वर्सं कातळावर उभी राहून बोलले मी, आता बसून बोलते."

आमच्या भागात विजा भर पावसाळ्यात फारशा होत नाहीत. त्या वळवाला आणि परतीच्या पावसाला. डोंगरातली माणसं त्यांना फार जपतात, कारण जळलेला टीव्ही दुरुस्त करायला महाड गाठावं लागतं. ढग गडगडला की घराघरांत हीच धावपळ. मेन स्विच बंद, टीव्हीचा प्लग ओढलेला, छपरावरच्या टीव्हीच्या छत्रीची वायर काढलेली, मोबाइलसुद्धा बंद करून डब्यात. जुनी माणसं कोयता अंगणात टाकतात, वीज लोखंडावर जावी म्हणून. तात्यांच्या घरी हे सगळं व्हायचं आणि त्यात आमची पेटीही यायची. प्लग काढला तरी तिचा दिवा चालूच राहतो हे लक्षात आल्यावर ते बॅटरीची पिनही काढून ठेवू लागले. पेटी बंद झाली की खालच्या वाडीचं नेट बंद आणि वरची वाडीही बंद.

मी अर्थिंग केलं होतं, वीज अडवणारा तुकडा बसवला होता. ते दाखवून मी त्यांना सांगितलं, "तात्या, हिला काही होत नाही. बंद करू नका. वरच्यांचे फोन बंद पडतात."

"बरं बाय."

"बरं म्हणजे?"

"म्हंजे बरं. पन बाय, माझा टीव्ही जळला तर माझा जळला. लोकांचं ठेवायला दिलेलं जळलं तर मी तोंड कुठं दाखवू?"

पेटीवर मी कागद चिकटवला, बंद करू नये. पुढच्या खेपेला कागद होता आणि पिनही काढलेली होती. तात्यांनी कागदावर धूळ बसू नये म्हणून वरून प्लास्टिक लावलं होतं.

ढग पुढे सरकले की ते पुन्हा सगळं जोडायचे. फोन सुरू झाला की वरून वनिता पहिला फोन तात्यांनाच लावायची. "ढग गेलं काय ओ तात्या?"

"गेलं गो, गेलं. बोल आता पोटभर."

दोन्ही वाड्यांत याचा विनोद झाला होता. कुणी घरातून रुसून गेलं तर म्हणायचे, तात्यांनी पिन काढली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. महादेवने सांगितलं आणि तात्यांनीही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

आश्विनातली दुपार. भातकापणी चालू होती. आभाळ भरून आलं होतं आणि भिजायच्या आत भात उचलायची घाई होती. कापलेल्या भाताची पेंढी उचलताना वनिताच्या मनगटाला साप चावला. महादेवने तो पाहिला, घोणस होती. त्याने तिला बांधावर बसवलं आणि घराकडे धावला. आणखी खालच्या गावात आमचीच लाइन असलेला एक जीपवाला आहे. त्याला फोन गेला की तो जीप घेऊन तात्यांच्या अंगणात येऊन उभा राहतो. माणूस वरून खाली आणेपर्यंत जीप तयार असते. लाइन आल्यापासून वरच्या वाडीची हीच रीत झाली होती.

महादेवचा फोन वायफायवर लागेना. आभाळ गडगडत होतं. त्याने एकाला कातळावर पिटाळलं, पण वीज गेली होती आणि टॉवरही बंद पडला होता. मग बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि तिला घेऊन निघाले.

डोली तात्यांच्या अंगणात उतरली तेव्हा जीप नव्हती. तात्या ओटीवर बसले होते. उठून म्हणाले, "कोन रे?"

"वनिता. पान लागलंय." या भागात साप चावला असं सरळ म्हणत नाहीत. महादेव पुढे म्हणाला, "फोन लागला नाय."

तात्या आत गेले. पिन लावली, प्लग लावला. वीज नव्हती, पण बॅटरी भरलेली होती. पेटी सुरू झाली तरी लगेच चालत नाही. तिला समोरची डिश शोधावी लागते, तिच्याशी जुळावं लागतं. आधी एक दिवा लागतो, मग थांबून दुसरा, मग तिसरा. हे मीच तात्यांना शिकवलं होतं. ते पेटीसमोर उभे राहिले आणि एकेक दिवा लागेल तसं मोठ्याने सांगू लागले, म्हणजे बाहेरच्यांना कळावं. खालच्या वाडीतला एक जण जीपवाल्याकडे जायला मोटरसायकल काढत होता, तेवढ्यात तिसरा दिवा लागला आणि फोन गेला.

डोलीतून वनिता म्हणाली, "ढग गेलं काय ओ तात्या?"

महादेव सांगतो की त्यात टोमणा नव्हता. तिला सवय होती म्हणून ती बोलली.

जीप आली. तिला पोलादपूरला नेलं, तिथून पुढे हलवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. त्या उशिरातला किती पेटीचा, किती पायवाटेचा, हे त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. वाडीला उत्तर माहीत होतं.

तेराव्याला मी वर गेले. मुंबईची माणसं आली होती. अंगणात सगळे बसलेले असताना तात्या पायवाटेने चढून आले. कुणी बस म्हटलं नाही. ते उभ्यानेच म्हणाले, "पेटी मी बंद केलेली. कुनी दुसऱ्यानं नाय. ढग वाजत होता."

महादेव जमिनीकडे बघत होता. तात्या थोडा वेळ उभे राहिले आणि परत उतरून गेले. खाली उतरताना त्यांना फार वेळ लागला, पण कुणी हात द्यायला उठलं नाही.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, आमच्या वाडीची लाइन त्या घरातून नको."

"दुसरं घर नाही, दादा. मी सगळी छपरं फिरले आहे."

"मग लाइनच नको."

"तुमच्या बायका-पोरांना नको का? तुम्ही मुंबईला जाल."

मागून कुणीतरी म्हणालं, "आनि परत ढग आला की?" त्या दिवशी मी वनिताच्या घरावरची डिश उतरवली. तिच्या लेकाने ती माझ्या गाडीपर्यंत आणून दिली आणि मागे न बघता तो वर गेला.

मी सोंडेवर खांब रोवून पाहिला. माणूस नको, घर नको, नुसता खांब, सोलर आणि पेटी. कागदावर हे सगळ्यांना आवडतं. आधी वानरांनी वायरला झोके घेतले. ते निस्तरलं, तोवर उन्हाळ्याच्या तोंडाला गवताला वणवा लागला आणि वायर, पेटी, सगळं वितळलं. तिथे पाहायला कुणीच नव्हतं. आमच्या धंद्यात काम स्वस्तात होतं, कारण कुणीतरी आपल्या घरातली एक भिंत, एक प्लग आणि आपलं लक्ष फुकट देतं. ते लक्ष विकत घ्यायला गेलं की आमची स्वस्त सोय स्वस्त राहत नाही.

शिमग्याला दोन्ही वाड्यांची पालखी एकच असते. ती घरोघर थांबते, बायका ओटी भरतात. त्या वर्षी ती तात्यांच्या दारावरून न थांबता पुढे गेली. काकी नारळ घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. पालखी वळणाआड गेली तरी त्या उभ्याच होत्या, असं शेजारणीने मला सांगितलं. असं वाळीत टाकण्याविरुद्ध आता कायदा आहे, तक्रार करता येते. मी तात्यांना तसं म्हणाले. ते म्हणाले, "कुनाविरुद्ध करू बाय?" मुंबईकरांनी एकेक करून किल्ल्या परत नेल्या होत्या. भिंतीवर नुसते खिळे होते आणि आमची पेटी होती. खालच्या वाडीची लाइन तिच्यावर चालू होती. तिच्याकडे पाठ करून तात्या बसायचे.

वैशाखात महादेव दुकानात आला. पाणी दिलं ते प्यायला नाही.

"पावसाच्या आत लाइन पायजे," तो म्हणाला. "तीन घरं बोलतायत, लाइन नाय तर आमी या पावसात इथं रात नाय. पोलादपूरला खोल्या बघतायत. ती गेली की बाकीची जातील. वाडी उठंल."

"मंडळ?"

"मंडळाला मी सांगितलं. बाईल माझी गेली, त्यांची नाय. लाइन तिनं आनली. तिच्यामुळं बंद पडली असं नको."

"घर तेच लागेल, महादेव."

"ठाव हाय."

आम्ही दोघं तात्यांकडे गेलो. महादेव अंगणातच थांबला. मी आत जाऊन सांगितलं. तात्या नाही म्हणाले. मला वाटलं रागाने म्हणतायत. तसं नव्हतं.

"बाय, पेटी घेऊन जा. माझा हात माझ्या ताब्यात नाय. ढग वाजला की आधी हात उठतो, मग मला कळतं. काल बी उठला."

मी म्हणाले, पेटीला कुलपाची जाळी बसवते. ते म्हणाले, "कुलूप तोडंल हा हात. लोकांचं जळंल म्हनून तोडंल." काकी दारात उभ्या राहून रडत होत्या.

अंगणातून महादेव म्हणाला, "मी येईन."

तात्यांनी मान वर केली.

"ढग आला की मी खाली येईन आनि पेटीपाशी बसेन. जाईस्तवर बसेन. तुमी हात लावायचा नाय."

तेराव्यानंतर तो तात्यांशी पहिल्यांदाच बोलत होता. तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "बसव बाय."

डिश पुन्हा वनिताच्या घरावर चढवली. काम संपवून मी तात्यांच्या घरी शेवटची तपासणी करत होते, तेवढ्यात वळवाचं आभाळ आलं. पहिला गडगडाट दूरचा होता. काही वेळाने महादेव पायवाटेने उतरताना दिसला. डोक्यावर इरलं, पाय भरभर. तो आत आला, पेटीखाली भिंतीला टेकून बसला आणि इरलं बाजूला ठेवलं. तात्यांनी आपल्या टीव्हीचा प्लग काढला, पंख्याचा काढला, मेन बंद केला. मग पेटीपर्यंत आले. महादेवच्या पुढ्यात थांबले. खूप जोरात कडाडलं. तात्यांचा उजवा हात खरोखरच उठला, मी पाहिला. महादेव हलला नाही. तात्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरला आणि समोर पाटावर बसले.

विजेचा लोळ कुठेतरी सोंडेच्या मागे पडला. पेटीचे तिन्ही दिवे चालू होते. महादेवचा फोन वाजला. वरून शेजारच्या घरातली सून बोलत होती. आवाज मला ऐकू आला, "काका, लाइन बघत होते. हाय ना?"

"हाय," महादेव म्हणाला. "ठेव."

काकींनी चहा आणला. एक कप तात्यांना दिला, एक महादेवच्या शेजारी जमिनीवर ठेवला. महादेवने त्याच्याकडे पाहिलं नाही. दोघं समोरासमोर बसून होते. ढग पोलादपूरच्या बाजूला सरकले, तेव्हा महादेव उठला, इरलं उचललं आणि चिखलातून वर चालू लागला.

त्याला आता दोन पावसाळे झाले. वरच्या वाडीचं एकही घर उठलेलं नाही. ढग आला की महादेव उतरतो, काकी चहा ठेवतात. तो चहा त्याने अजून घेतलेला नाही.